हिरव्या पडद्यासमोरची खुर्ची

चार माणसांत माझा आवाज निघत नाही. पण पांढुर्ण्याच्या केबल चॅनलसाठी मी रोज दुपारी संध्याकाळच्या बातम्या वाचून रेकॉर्ड करायचे. आमचा स्टुडिओ म्हणजे चॅनलच्या मालककाकांच्या पंख्यांच्या दुकानावरची खोली, हिरवा पडदा आणि दोन लाइट. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून मराठी बातमी मी रोमन अक्षरांत उतरवून घ्यायचे आणि तरीही कुठेतरी अडखळायचेच. तिथे हसायला कोणी नसायचं. मला मोठ्याने बोलता येईल अशी ती एकच जागा होती.

यंदा पोळ्याच्या पंधरा दिवस आधी काकांनी माझा चेहरा आणि आवाज बराच वेळ रेकॉर्ड करून घेतला. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "बेटा, आता कम्प्युटरच तुह्या तोंडानं वाचून राहिला. तू कायले रोज चक्कर मारतं?"

हिरवा पडदा आधीच काढलेला होता. खुर्चीच्या जागी पंख्यांची खोकी रचली होती. मी मान हलवून खाली उतरले.

घरी काहीच सांगितलं नाही. पोळ्याच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर टीव्हीवर मीच सांगत होते की उद्या गोटमारीच्या दगडफेकीमुळे सावरगावकडचा रस्ता बंद राहील.

"आज किती मस्त वाचलं वं!" आई टीव्हीसमोरून ओरडली. "एकदाही अडखळली नाही."

"हो," मी म्हणाले. टीव्हीतल्या माझ्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नाही.