आतडं हलतंय का

धाकट्या बहिणीच्या पोटात काहीतरी अडकलंय असंच तपासणीत निघू दे, असं मी देवाला विनवत होते. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. वर्षभर तिचं पोट फुगत होतं, खाल्लेलं उलटून पडत होतं. नवऱ्यानं ऊस तोडायचा आणि हिनं मोळ्या बांधायच्या, अशी ही कामाची पोरगी, पार चिपाड झाली. जामखेडच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी तिला नगरला आणलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. आतडं हलतंय, पण कुठंतरी अडतंय असं निघालं, तर ऑपरेशन करता येईल, बरी होईल. आतडंच हलत नसेल, तर कापून काही उपयोग नाही. मग शिरेतून अन्न द्यायचं, आणि ते तरी किती दिवस पुरणार!

यातलं मी तिला अवाक्षर सांगितलं नाही. तिला एकच धास्ती होती, पोट चिरण्याची. उसाच्या फडात कोयत्यानं बोट कापलं तर चिंधी बांधून पुन्हा कामाला लागणारी ही, पण ऑपरेशन म्हटलं की थरथरायची.

तपासणी एमआरआयची होती. गोडसर औषधी पाणी पाजून आतडी भरायची, यंत्रात पालथं झोपवायचं आणि आतडी कशी हलतात त्याचं चालतं चित्र घ्यायचं. रात्रीपासून अन्न नाही, चहा नाही. "तंबाखू खातात का?" नर्सनं विचारलं. "छे हो!" मी जवळजवळ भांडलेच. आमच्यात बायका कुठं तंबाखू खातात?

चित्रात आतडं हललं. फार नाही, पण हललं. मला तिथंच रडू फुटलं. बहिणीनं ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि तिनंही भोकाड पसरलं. मी तिच्यावर डाफरले, "गप की! नशीब काढलंस, आणि रडती काय?"

मग मन थाऱ्यावर यावं म्हणून तिनं पिशवीतली मिश्री तळहातावर घेतली आणि दात घासायला लागली. नर्स दारातच थबकली. "सकाळीपण लावली होती?"

"मग? तोंड नको व्हय धुवायला?"

भाजलेली तंबाखूच ती. पण आमच्या अख्ख्या गावात मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही, मीसुद्धा म्हटलं नव्हतं. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, तंबाखूनं आतडं चाळवलं असेल किंवा नसेलही, पण या चित्रावर विसंबून पोट उघडता येणार नाही. पुन्हा करू.

मधल्या वेळात तिनं मिश्रीसाठी माझा जीव खाल्ला. डोकं धरून बसली, शिव्या दिल्या, पाया पडली. मी पुडी कचऱ्यात टाकली.

दुसरं चित्र डॉक्टरबाईंनी मला शेजारी बसवून दाखवलं. ती श्वास घेई तेव्हा सगळं पोट वरखाली होई. श्वास रोखला की सगळं थांबे. पाण्यानं भरलेली आतडी भिजल्या दोरासारखी नुसती पडून होती. "थांबा, आत्ता हलंल," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा लावलं. "अजून एकदा बघा ना हो." त्यांनी तेही केलं, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताचा राग आला, यंत्राचा आला, आणि ज्याला इतके दिवस विनवलं त्या देवाचा तर सगळ्यात जास्त आला.

बाहेर ती बाकड्यावर पोट धरून बसली होती. "आक्का, कवा चिरणार हायेत?"

"चिरत न्हाईत," मी म्हणाले.

"खरंच? माझी शपथ?"

"तुझी शपथ."

तिचा चेहरा असा उजळला, की वर्षभरात मी तसा पाहिला नव्हता. माझ्या हातातला मोबाईल ओढून तिनं फडावर नवऱ्याला फोन लावला. "अहो, ऐकलं का? ऑपरेशन टळलं! व्हय, डाक्टरच म्हणल्या. आता मोळ्या बांधायला दुसरी बाई बघू नका, मीच येती."