आरशांवरचा मांडव

पाथर्डीत कुणाच्या घरी आरसा फुटला की आमचे आरसे सर खूश! फुटका आरसा घरात ठेवू नये म्हणतात, म्हणून बायका तो आपणहून सरांकडे आणून द्यायच्या. सर विज्ञान शिकवायचे, मी त्याच शाळेत चित्रकला. त्या तुकड्यांचे सारखे चौकोन कापायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

ते चौकोन लोखंडी सांगाड्यावर चिकटवून सरांनी खोलीएवढी थाळी उभी केली. सगळं ऊन एका टाकीवर एकवटायचं, आतल्या पाण्याची वाफ नळीतून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायची. तिथं हिराबाई वर्षानुवर्षं लाकडाच्या धुरात पोरींचा स्वयंपाक करत होती.

"सर, माजं डोळं गेल्यावं येनार व्हय तुमची वाफ?"

"या उन्हाळ्यात तुमची चूल बंद, हिराबाई!"

तयार यंत्र मागवा, असं कुणी सुचवलं की सर उखडायचे. "ते बिघडलं तर इंजिनियर येईपर्यंत पोरींनी काय खायचं? आपल्या वेल्डरला दुरुस्त करता आलं पाहिजे." चाचणीला भात छान शिजला. हिराबाईनं नळीला हळदकुंकू वाहिलं. आता राहिली होती फक्त संस्थेची मंजुरी.

नगरहून अध्यक्ष पाहायला येणार म्हणून शाळेनं मांडव घातला. अहो, मांडव! मोठा पाहुणा आला की मांडव, ही आपली रीतच. सर नळ्या तपासून बाहेर येतात तो कापड थेट आरशांवर. "काढा ते आधी!" ते ओरडले. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेबांना ऊन लागेल. भाषणं झाली की काढू." हारतुरे आणि भाषणं उरकेपर्यंत सूर्य कलला. पाणी कोमटच राहिलं. अध्यक्ष हसले, "गुरुजी, अंघोळीपुरतं ठीक आहे." सगळा स्टाफ हसला. आठवलं की माझ्या तळपायाची आग आजही मस्तकात जाते.

"उद्या दुपारी एकदा बघा," सर हात जोडून म्हणाले. वेळ कुणाला होता? मंजुरी बारगळली. सर निवृत्त होताच थाळी भंगारात गेली. त्यानंतर ते उन्हाबद्दल कधी बोलले नाहीत.

यंदा सर गेले. शोकसभेत याच अध्यक्षांनी त्यांना 'ऋषितुल्य संशोधक' म्हटलं. मग वसतिगृहात जेवणं झाली. हिराबाईला आता नीट दिसत नाही, ती चाचपडत भाकरी वाढत होती.

अध्यक्षांनी घास घेतला, मान डोलावली. "काही म्हणा, चुलीवरच्या जेवणाची चवच न्यारी!"