पाठमोऱ्या माणसाचा डायलॉग

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या सिनेमा मंडळाचं तसंच झालं. आता आम्ही तिघं उरलोय: मी, माईकवाले गुप्ताजी आणि अंगणवाडीतून रिटायर झालेल्या शीलाताई. चौथे मेश्राम सर गेल्या थंडीत गेले. तिघं कुठंही भेटलो, की चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अन् ते आठवते का?" मग आम्ही हसतो, आणि हसता हसता कोणीतरी चष्मा पुसायला लागतं. बहुतेक मीच.

मंडळ म्हणजे तरी काय! माझं कुडव्यात झेरॉक्सचं दुकान. सेकंडहँड प्रोजेक्टर माझा, माईक आणि भोंगा गुप्ताजींचा, गावोगावच्या ओळखी शीलाताईंच्या. आणि सिनेमा एकच! सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पेन ड्राइव्हवर दिलेला. ब्लॅक अँड व्हाइट, इंग्रजी, खाली एक अक्षर लिहून येत नाही असा.

गोष्ट अशी. लढाईत हजारो निरपराध माणसं मारणारा एक अधिकारी नाव बदलून दूरच्या एका लहान गावात ढोरांचा डॉक्टर बनून राहतो. गावात मान, घरी भली बायको. तिला यातलं काही ठाऊक नाही. आणि एक जाडा, लंगडा माणूस रेनकोट घालून त्याला शोधत येतो.

आता आमच्याकडं एवढं इंग्रजी कोणाला कळणार? म्हणून सर पडद्याच्या बाजूला माईक घेऊन उभे राहायचे आणि सगळ्यांचे डायलॉग आपल्या बोलीत म्हणायचे. लंगड्याचा आवाज वेगळा, बायकोचा वेगळा. आयुष्यभर त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं, मीही त्यांच्याच हाताखालून गेलो. पण सरांचा खरा तास मी त्या पडद्याजवळ पाहिला.

शो दुपारी, समाजमंदिरात. खिडक्यांना राइस मिलमधला बारदाना लावून अंधार करायचा. आत मावत नसतील ते बाहेर भोंग्यावर ऐकत बसायचे.

*

पहिल्याच शोची गंमत. सिनेमा सुरू झाला आणि डॉक्टरचं अर्धं तोंड काळं! भिंती काळ्या, जिना काळा, माणसापेक्षा त्याची सावली मोठी. गुप्ताजी ओरडले, "रमेशभाऊ, बल्ब गया!"

मी लेन्स पुसली. वायर हलवली. प्रोजेक्टरला दोन थापा मारल्या. तोंड काही उजळेना.

शेवटी सर माईकवरूनच म्हणाले, "अरे, राहू दे बाबा. पिक्चरच असा काढला आहे. ज्याले लपवाचं हाये, त्याच्यावर उजेड पडू देत नाही."

गुप्ताजींना हे पटलं नाही. "तो फिर ये शादी का वीडियो कभी न बना पाएगा!" म्हणाले. सगळं समाजमंदिर हसलं. सर मात्र पडद्याकडंच बघत होते.

*

ढोरांच्या डॉक्टरनं आम्हाला एका गावात चांगलंच अडचणीत आणलं. सिनेमात एका म्हातारीची गाय अडते आणि हा डॉक्टर बाह्या सरसावून वासरू बाहेर काढतो. वासरू उभं राहिलं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यानंतर लंगडा पडद्यावर आला की लोक चिडायला लागले.

एक शेतकरी उठून उभाच राहिला. "गुरुजी, याले पकडून कायले राहिले जी? आमच्याकडं तीन तीन महिने ढोराचा डॉक्टर येत नाही. इतका चांगला हात हाये याचा!"

"त्यानं हजारो माणसं मारली ना गा," सर म्हणाले.

"ते तिकडं मारली. इथं तर गाय वाचवली ना?"

सरांनी मला सिनेमा थांबवायला लावला. शाळेत फळा पुसून वळायचे तसे वळले आणि म्हणाले, "गाय दुसरा डॉक्टर वाचवील. मेलेल्या माणसाची बाजू दुसरा कोण सांगीन?"

शेतकरी खाली बसला. पण शो संपल्यावर माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "त्या डॉक्टरचा फोन नंबर नसन ना?"

*

कामठ्याच्या बाजूला एक शो होता. सुरुवातीला सर समजावून सांगायचे, की युद्धगुन्हेगार म्हणजे काय. "लढाईच्या आडून निरपराधाले मारते, अन् मग भला माणूस होऊन चारचौघात बसते, तो."

पुढं बसलेली एक म्हातारी पानाचा डबा बंद करत म्हणाली, "त्याच्यासाठी लढाई कायले पायजे गा गुरुजी? लढाई नसली तरी बसते."

लोक हसले. सर हसले नाहीत. पडद्यावर बायको नवऱ्याला काहीतरी विचारत होती, नवरा उत्तर देत होता, आणि सरांच्या तोंडून एक शब्द निघेना. चार-पाच डायलॉग असेच वाया गेले. मला वाटलं, वय झालं, विसरले. मीच मूर्ख.

परतताना सर टेम्पोत पुढं गुप्ताजींजवळ बसले होते, मी आणि शीलाताई मागं भोंगा धरून. तेव्हा ताईंनी मला सांगितलं. मी सरांचा विद्यार्थी, रोज त्यांच्यासोबत चहा पिणारा, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

सरांना यशवंत नावाचा धाकटा भाऊ होता, एकोणीस वर्षांचा. गावच्या बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी आपल्या वस्तीच्या धानालाही मिळावं म्हणून तो बोलायला लागला होता. एक दिवस तो बोडीत तरंगताना सापडला. डोक्याला मार होता. त्याला कोणी मारलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं: आप्पाजी, गावचा त्या वेळचा पोलीस पाटील. आणि कागदावर जबाबही त्याच आप्पाजीचा लागला, की पोराला पोहता येत नव्हतं, पाय घसरून बुडाला. केस तिथंच बंद. यशवंत त्या बोडीत लहानपणापासून म्हशींच्या पाठीवरून उड्या मारत होता.

"पंचेचाळीस वर्षं झाली भाऊ," ताई म्हणाल्या. "आप्पाजी अजून आहे. लग्नाकार्यात पहिला मान त्याचाच."

मी भोंगा घट्ट धरून बसलो. टेम्पोत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

*

शीलाताईंची भाची प्राची नागपूरला शिकते. सुट्टीत आली आणि आमच्यासोबत एका शोला आली. पोरीचं इंग्रजी पक्कं.

आमच्या सिनेमाचा शेवट असा, की लंगडा त्या डॉक्टरला गोठ्यात गाठतो आणि विचारतो, "तोच ना तू?" डॉक्टर आपल्याकडं पाठ करून उभा. तोंड दिसत नाही. आणि इथं सर जे बोलायचे, त्यावर बायका पदर डोळ्यांना लावायच्या. "हो. मीच तो. मीच मारलं त्याहिले. त्याहिची काही चूक नव्हती. मी खोटं बोललो, अन् सगळ्याहिनं मले खोटं बोलू देलं." रोज तेच, एका शब्दाचा फरक नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात प्राची म्हणाली, "काका, तो माणूस काहीच बोलत नाही. मी नीट ऐकलं. पूर्ण एक मिनिट नुसता उभा राहतो, आणि सिनेमा संपतो!"

सर तिथंच बसून पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे बोटं मोडत राहिले.

"तो बोलतच नाही, बेटा," म्हणाले. "मले माहीत आहे. पण मी ऐकाची वाट पाहून पाहून थकलो. म्हणून त्याच्या तोंडून मीच वदवून घेतो. तेवढीच बेइमानी केली मी जन्मात."

मी गुप्ताजींना फोन लावला. त्यांना धक्का बसेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मेरे को तो पहिले दिन से मालूम है. उस टाइम मास्साब हाथ से इशारा करते हैं, मैं साउंड डाउन करता हूँ. नीचे कुछ रहता ही नहीं, रमेशभाऊ. खाली मशीन की आवाज."

"मग बोलले का नाही?"

"अच्छा बोलते थे ना!" गुप्ताजी म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

*

अर्जुनी मोरगावकडं शो होता तेव्हा गुप्ताजींनी तिथल्या जवळच्याच प्रतापगडला टेम्पो वळवला. दर्ग्यावर चादर चढवायची होती. सर आमच्यासोबत आले, पण बाहेरच सावलीत बसले. "मी कोणाजवळ काही मागत नाही," म्हणाले. "बाबासाहेबानं ते सोडवलं आमचं."

परत आल्यावर मी सहज चिडवलं, "सर, मागितलंच असतं तर काय मागितलं असतं?"

"तब्येत."

"तुमची?"

"त्याची," सर म्हणाले. "ऐंशी झाले त्याले. थंडी वाढली की मले भेव वाटते. न बोलता मरून गेला तर?"

शत्रूच्या तब्येतीची एवढी काळजी मी कुठं पाहिली नाही. गुप्ताजी गुपचूप पुन्हा आत गेले. काय मागितलं ते त्यांनी अजून सांगितलं नाही.

*

आणि हा शेवटचा. हा आम्ही एकमेकांतही फारसा बोलत नाही.

सरांच्या गावच्या बचत गटातल्या बायकांनी शीलाताईंना फोन केला, की आमच्याकडंही सिनेमा आणा. गावाचं नाव मी लिहीत नाही. सरांना विचारलं तर ते दोन दिवस दुकानात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "चला."

दुपारी समाजमंदिर गच्च भरलं. बारदाना लावत होतो तेवढ्यात दारातली गर्दी आपोआप बाजूला झाली. काठी टेकत आप्पाजी आला. सवयीनं कोणीतरी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली. सरांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं सरांकडं. "या, बसा," सर म्हणाले, घरी आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

त्या दिवशी सर काय बोलले म्हणून सांगू! गाय अडली तेव्हा म्हातारी बनून असे कळवळले की सगळे हसले. बायको विचारते, "तुम्ही माझ्यापासून काय लपवून राहिले?" तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलं नाही.

मग गोठा आला. "तोच ना तू?" लंगड्यानं विचारलं. सरांनी हातानं खूण केली, गुप्ताजींनी आवाज खाली केला. पडद्यावर पाठमोरा माणूस उभा राहिला.

आणि सर गप्प.

मला वाटलं, आता बोलतील. गुप्ताजींनी बटणावरचा हात काढला नाही. पूर्ण मिनिट गेलं आणि सिनेमा संपला.

मागून एक बाई ओरडली, "गुरुजी, माह्या माहेरी तर तो सगळं कबूल करते म्हणे!"

"इथं त्याच्या बदली मी बोलणार नाही," सर म्हणाले.

लोक उठले. कुजबुजत दाराशी गेले, चपला शोधायला लागले. मी वायर गुंडाळायला घेतली. आप्पाजी मात्र खुर्चीतून हलला नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून पांढऱ्या पडद्याकडं बघत होता.

"गुरुजी," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "शेवटचं तेवढंच एकदा अजून लावता का जी?"

मी सरांकडं बघितलं. "लाव," ते म्हणाले.

मी गोठा लावला. आवाज नव्हताच. तो माणूस पुन्हा आपल्याकडं पाठ करून उभा राहिला. सर चालत आप्पाजीजवळ गेले, त्याच्या हातातली काठी काढून आपल्या हातात घेतली आणि त्याच्या हातात माईक दिला. मग बाजूच्या खुर्चीवर बसले. मी सरांना पहिल्यांदाच सिनेमा चालू असताना बसलेलं पाहत होतो.

माईक चालू होता. बाहेरच्या भोंग्यातून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू यायला लागला. आधी दारातली माणसं थांबली, मग रस्त्यावरची. समोरच्या घरातून एक बाई पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. पडद्यावरचं मिनिट सरत आलं होतं. शीलाताईंनी माझा दंड धरला.

आप्पाजीनं माईक तोंडाजवळ नेला.

"यशवंतले पोहता येत होतं," तो म्हणाला.