वत्सलाकाकू बारशाला येतात

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या आम्हा मराठी घरांत बारसं असलं की वत्सलाकाकूंना बोलावताना यजमानीण जरा चाचरायची. न बोलवावं तर वाईट दिसतं, बोलवावं तर काकू बोलणार! नाव ठेवून झालं, बायका घुगऱ्यांकडे वळल्या, की काकू पाळण्याशेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "पोरीहो, आयका. लेकराच्या बेंबीले काही लावू नका. मी लावलं, माहा नातू गेला." गाणी थांबायची. आनंदाच्या घरात हे काय अभद्र, म्हणून म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या. मला तर कुठे पाहावं तेच कळायचं नाही.

एके काळी ह्याच काकूंचा रुबाब बघण्यासारखा होता. लग्न होऊन नागपूरकडून आलेल्या. आमच्या गल्लीतलं प्रत्येक मूल आधी त्यांच्या पायांवर न्हायचं. पाय लांब करून बसल्या की रडकं पोरही गप्प व्हायचं. न्हाऊ घातल्यावर नाळेवर तेलात कालवलेली गोवरीची राख लावायच्या. "माह्या सासूनं शिकवलं," असं म्हटलं की वाद संपला. माझी दोन्ही मुलं त्या राखेतून वाचली हे आमचं नशीब, राखेची कर्तबगारी नव्हे.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि गल्लीतल्या सगळ्यांना एकाएकी आपण मोठ्या शहरात राहतो असं वाटू लागलं. त्याच सुमारास काकूंची सून सुनीता बाळंत झाली. तिचं माहेर मराठीच, पण बोलायची हिंदीत. दवाखान्यातून घरी येताच म्हणाली, "आई, सिस्टर ने कहा है, नाल पर कुछ नहीं लगाना. सूखा रखना है."

"सिस्टरनं किती लेकरं न्हाऊ घातली?" काकूंनी विचारलं, आणि राख लावली.

आठवडा झाला नाही तोच बेंबीभोवती लाली चढली. बाळ दूध ओढेना, अंग गार पडू लागलं. सुनीता दवाखान्यात चला म्हणून रडत होती. काकूंनी दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी नेलं तेव्हा जंतू रक्तात भिनले होते.

मी डबा घेऊन पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई वॉर्डात ओरडत होत्या, "नाभी में ये क्या लगाया? माँ हो या दुश्मन?" सुनीता टाके सांभाळत मान खाली घालून उभी होती. काकू तिच्या शेजारीच, तोंडाला पदर लावून. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी बाळ गेलं.

काकूंनी न्हाऊ घालणं सोडलं आणि हे सांगणं धरलं. मुलगा चिडायचा, "आई, घरची गोष्ट काहून चव्हाट्यावर आणून राहिली?" काकू म्हणायच्या, "लाज मले वाटते, वाटू दे. कोणाचं लेकरू तं वाचते." आणि खरंच, हळूहळू घराघरांतली राख बंद झाली. नाकं मुरडणाऱ्यासुद्धा आता त्यांना मान देऊ लागल्या. मीही दिला.

मग सुनीताला मुलगी झाली. नाळ कोरडी पडून आपसूक गळाली, पोर गुटगुटीत. बारशाला सगळा मोहल्ला लोटला. काकू सवयीनं उभ्या राहिल्या. "पोरीहो, आयका..."

"आई." सुनीताच्या खांद्यावर पोर होती. आवाज जराही चढलेला नव्हता. "पूरे मोहल्ले को बताया आपने. उस दिन डॉक्टर के सामने क्यों नहीं बोलीं? और मुझसे? मुझसे तो आज तक नहीं कहा."

बायकांसमोर खडाखडा बोलणाऱ्या काकू सुनीतासमोर जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "माह्यं चुकलं, बाई. लेकरू माह्या हातानं गेलं, अन् बोल मी तुले खाऊ देल्ले."

शरमेनं आमच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एवढी वर्षं आम्ही काकूंचं ऐकत होतो आणि सुनीता त्यांच्याच घरात आम्हाला चहा देत होती. सुनीतानं पोर काही त्यांच्या मांडीवर ठेवली नाही. पण उठून आतही गेली नाही. ती रडत राहिली, आणि काकू तिच्यासमोर बसून राहिल्या.