इस्माईल दोनदा नाही म्हणाला

सरहद्दीवरच्या आमच्या लष्करी पोस्टवर माल तीन टप्प्यांत यायचा. बेसपर्यंत ट्रक, पुढे खेचरं, शेवटचा चढ माणसाच्या पाठीवर. मी हवालदार, मालवणकडचा, रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढत वाढलेला. खेचरांच्या तुकडीत खारेपाटणचा सिपाही इस्माईल भेटला आणि माझी चंगळ झाली. एवढ्या लांब मालवणीत भांडायला कोणीतरी मिळालं.

"दादा, तुमका होडी कळता, जनावर कळना नाय," असं तो चिडवायचा. खोटं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सहाला निघालो. सहा खेचरं, रॉकेल आणि रेशन. दहा वीसला बर्फाने झाकलेल्या नाल्यावर पुढचं खेचर थांबलं. पाय रोवलेले, हलेना.

इस्माईल म्हणाला, "ह्या थांबला म्हणजे खाली पोकळ आसा. वरसून फिरान जावया."

फिरून जायचं म्हणजे दोन तास उशीर. तेवढ्यात रेडिओवर पोस्ट कमांडर.

"कहाँ पहुँचे? ओवर."

"नाला पार कर रहे हैं, सर. ओवर."

बोलून बसलो. आता शब्द मागे कसा घ्यायचा? हीच माझी हवालदारकीची मस्ती.

"वड तेका," मी म्हणालो.

"नाय दादा. वडूक नुको."

"दोर हाताक गुंडाळ आणि वड! ऑर्डर आसा."

"दादा, नुको."

मी नुसतं बघितलं. त्याने दोर गुंडाळला.

रापणीवर आम्ही दोराचा वेढा हाताला घेऊनच जोर लावतो. खेचराचा दोर मात्र हाताला कधी गुंडाळायचा नाही, हे त्यानेच मला शिकवलं होतं. चार पावलांवर खेचराखालचा बर्फ खचला. दोर सुटला नाही. इस्माईलचा देह दुपारी तीन दहाला सापडला.

रिपोर्टमध्ये लिहिलं, 'खेचर बिथरले, चालकाचा ताबा सुटला.' सही माझी.

रिटायर झाल्यावर खारेपाटणवरून एसटीने कितीदा गेलो, उतरलो नाही. लाज वाटायची. गेल्या महिन्यात उतरलो. त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं.

"माज्या झिलान नाय म्हटल्यान?"

"दोनदा."

"तेका जनावर आवराक जमला नाय, असा लोक सांगत इले." त्यांनी आत हाक मारली, "आयकलंस गो? आपलो इस्माईल चुकलो नाय!"

त्याची आई दारात आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"मगे इतकी वर्सां तू खंय होतस?"