त्या रकान्यातला शब्द

जिनिंगचा भोंगा वाजला की ती दाराशी उभी राही आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईचा तळहात हुंगून पाही. कापसाला डाग नको म्हणून, तेलाचा वास आला की त्या बाईची रवानगी हात धुवायला हौदावर. ‘‘हात कोरडा तर पोट ओलं,’’ एवढंच ती म्हणायची.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाची किंमत त्यांना मालकापेक्षा जास्त कळते.

परभणीच्या त्या जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी हजेरी लिहीत असे आणि ती चाळीस बायकांची मुकादमीण होती. साठी गाठलेली, अंगानं काटकुळी. सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणे. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडलं की ती जाताजाता टोकायची, ‘‘मुनशी, तूस जाईल डोळ्यात.’’ तिला अक्षरओळख नव्हती. राणीसावरगावहून भावाचं पत्र आलं की ते माझ्याकडेच आणायची आणि बजावायची, वाईट असलं तरी गाळायचं नाही.

मग महायुद्धामुळं कापूस परदेशी जाणं थांबलं. गाठी आवारात पडून राहिल्या. दिवाळी झाली, पण त्या वर्षी हंगामाचा भोंगा वाजलाच नाही. पुढच्या तीन महिन्यांत बायकांच्या अंगावरचे दागिने एकेक करून दिसेनासे झाले. एकीचं तान्हं गेलं.

शेवटी सरकारी हुकूम आला. मालकांना पडून असलेल्या गाठींवर उचल मिळणार होती आणि कामगारांना कारखाना सुरू होईपर्यंत आठवड्याची ज्वारी. तहसील कचेरीतले कारकून, पेशकार, याद्या घेऊन आले. दुपारच्या गाडीनं ते पुढं जाणार होते, त्यामुळं अंगठे त्याआधीच उठायला हवे होते. आधी मुकादमिणीचा, मग तिच्या बायकांचे, अशी रीत होती.

त्यांच्या चपराशानं मावशीचं नाव पुकारलं आणि रकान्यातला शब्द मोठ्यानं वाचला : बेकार.

निजामाचं राज्य, म्हणून यादी उर्दूत होती. उर्दूत त्याचा अर्थ काम नसलेला, एवढाच. मराठी कानाला तो टाकाऊ असाही लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तिनं पुढं केलेला हात मागं घेतला.

‘‘आमी बेकार न्हाई. जीन बंद हाय.’’

पेशकारांनी मला समजवायला सांगितलं. मी दोन्ही भाषांतले अर्थ फोड करून सांगितले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘जीन तर मालकाचंबी बंदच हाय. त्यांना काय लिवलंय?’’

मालकांच्या कागदावर ‘मोअज्जिज ताजिर’ असं होतं, म्हणजे प्रतिष्ठित व्यापारी. मी तो कागद याद्यांखाली सरकवला.

ती बाजूला होऊन खाली बसली. मागच्या एकीनंही अंगठा पुढं केला नाही. मी पेशकारांना म्हटलं, दुसरा शब्द लिहा. ते म्हणाले, छापील कागद आहे. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि शाईच्या गादीवर झाकण ठेवलं. तान्हं गमावलेली बाई माझ्याकडं बघत होती. मावशीकडं बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

मी यादी हातात घेतली. ओळीवर बोट ठेवून म्हणालो, ‘‘मावशी, चपराशी चुकला. इथं कामगार लिहिलंय.’’

‘‘वाचा पुन्यांदा.’’

‘‘कामगार.’’

तिनं अंगठा उठवला. मग बाकीच्या रांगेनं आल्या. गाडीची वेळ होईपर्यंत एकेचाळीस ठसे झाले होते.

शनिवारी धान्याच्या गुदामासमोर रांग लागली. आतून कुणीतरी ओरडलं, ‘‘बेकारवाल्या बायका इकडं.’’ मी रांगेच्या शेजारीच उभा होतो. मावशीनं वळून माझ्याकडं पाहिलं. तिनं चाळीसही जणींना पुढं घालून ज्वारी घ्यायला लावली. स्वतःचा पदर मात्र पसरला नाही. जाताना माझ्यापाशी थांबली.

‘‘लेकरं जेवतील, मुनशी. पाप न्हाई लागायचं तुमाला.’’

त्यानंतर ती माझ्याकडं पत्र घेऊन आली नाही. पुढं कळलं की ती पूर्णेला रुळांसाठी खडी फोडायला गेली आहे. तिच्या नावची ज्वारी तीन आठवडे तशीच राहिली होती. ती पोत्यात बांधून मी पूर्णेला गेलो. तिला पाहिलं ते तेच शेवटचं. उन्हाळा संपायच्या आत तिकडंच ती वारली.

डोक्यावर ओलं फडकं टाकून ती खडीच्या ढिगाशी बसली होती. हाताला चिंध्या बांधलेल्या. पोत्याकडं तिनं बघितलंही नाही. शेजारी दगडाखाली हजेरीचा कागद होता. तो काढून तिनं माझ्यापुढं धरला.

‘‘हितं काय लिवलंय?’’

‘‘मजदूर,’’ मी वाचलं.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग कागद माझ्या हातून घेऊन ती उठली आणि रुळांपलीकडं उभ्या असलेल्या अनोळखी पाणीवाल्याकडं वाचून घ्यायला गेली.