तिच्या नवऱ्याची वाचा

आमच्या चर्चच्या मंडळीत दोन माणसांना एकाच उन्हाळ्यात लकवा झाला. एक माझा नवरा, दुसरा तिचा. दोघांचीही उजवी बाजू गेली, दोघांचीही वाचा गेली, आणि दोघंही शहरातल्या एकाच मोठ्या दवाखान्यात पडून होते. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी एकमेकींच्या डब्यातलं जेवलो, एकमेकींच्या नवऱ्यांसाठी डोळे मिटून प्रार्थना केली. नाताळापर्यंत तिचा नवरा बोलायला लागला. माझा नाही.

तेव्हापासून मला तिचा हेवा वाटतो. शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नये, हे मला लहानपणापासून पाठ आहे. त्यात घर येतं, बैल येतो, गाढवसुद्धा येतं. शेजारणीच्या नवऱ्याच्या जिभेचं काही वेगळं सांगितलेलं नाही, पण तीही त्यातच मोडते एवढं मला कळतं. कळून हेवा जात नाही.

माझी चिखलीत पिठाची गिरणी आहे. आधी आम्ही दोघं चालवायचो, आता मी चालवते आणि हे आतल्या खोलीत खिडकीपाशी बसतात. हळूहळू काठी धरून चालायला लागले, डाव्या हातानं जेवायला लागले, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, ‘तसं’. पाणी हवं असलं तरी तसं, पाय दुखला तरी तसं, माझा राग आला तरी तसं. आवाजाच्या चढ-उतारावरून मी अर्थ लावायचे. पुष्कळदा चुकीचा लावायचे. मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

आजाराआधी रविवारी पेटी घेऊन भजन सांगायचं काम यांचं होतं. आमच्याकडे भजन सांगणारा ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. यांच्या जागी आता तिचा नवरा भजन सांगू लागला. आधी हा माणूस मागच्या सतरंजीवर बसून नुसत्या टाळ्या वाजवायचा, त्याही चुकवायचा. पण लकव्यातून उठलेला माणूस गातो म्हटल्यावर लोकांचे डोळे भरून येत. माझेही येत. कशानं, ते लोकांना सांगायची गरज नव्हती.

भजनानंतर साक्षीची वेळ असते. ज्याला देवाचे उपकार सांगायचे असतील त्यानं उभं राहून सांगायचे. ती महिन्यातून दोनदा तरी उभी राहायची. ‘मी विश्वास ठेवला, प्रभूनं ऐकलं,’ असं तिचं सुरुवातीचं वाक्य. मंडळी आमेन म्हणायची आणि दोन-चार नजरा माझ्याकडे वळायच्या. जणू मी माझा विश्वास लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं. मी रोज पहाटे उठून, गुडघे टेकून, यांच्यासाठी मागून मगच गिरणीचा पट्टा चढवत होते. उभं राहून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, एवढाच फरक.

आमच्या गल्लीतली एक म्हातारी बौद्ध बाई दळण घेऊन येते. तिनं एकदा वजनकाट्यासमोर उभ्या उभ्या मला विचारलं, “बाई, तुमचा देव एकच हाय ना? मंग तिचं झालं अन् तुह्यं राह्यलं, असं काऊन?” मी तिला विचारलं, ज्वारी बारीक हवी की जाडी. ती हसली.

आता घरसभेचं सांगते. दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते आणि पाळी फिरत फिरत सगळ्यांकडे येते. इतर घरी ढोलकी, टाळ, गाणी, मग चहा-पोहे. पण आमच्या मंडळीचा एक जुना रिवाज आहे, आजाऱ्याच्या घरी ढोलकी न्यायची नाही. तिथं गायचंही नाही. हळू आवाजात शास्त्रवाचन करायचं, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि चहासुद्धा न घेता उठायचं. त्रास होऊ नये म्हणून. यात कोणाचं काही वाईट नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर पहिले काही महिने यांना आवाज खरोखर सोसत नसे. पुढे सोसू लागला, तरी रिवाज तोच राहिला. म्हणजे ज्या माणसाचं अर्धं आयुष्य भजन सांगण्यात गेलं, त्याच्या घरात लकव्यानंतर कोणी एक ओळ गायली नव्हती. त्या खिडकीपासून आमचं प्रार्थनामंदिर लांब, आणि लोकांसमोर ‘तसं’ म्हणावं लागेल म्हणून हे मंदिरात येत नव्हते.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर आमची पाळी आली. पाळकसाहेब कोणाच्या तरी मातीला दुसरबीडला गेले होते, म्हणून सभा चालवायचं तिच्याकडे आलं. मला ते आवडलं नाही. ती आली, यांच्या समोरच खुर्ची ओढून बसली आणि कोणाला काही न विचारता मोकळ्या आवाजात भजन सुरू केलं. मी हातानं खुणावलं, नको म्हणून. बायकाही चपापल्या.

“गाऊ द्या वहिनी,” ती म्हणाली, “मेल्याचं घर हाय का हे?”

असं माझ्या घरात बसून मला बोलली. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं पुढची ओळ टाकली. बायकांनी ती दबकत उचलली. तिसऱ्या ओळीला तिनं श्वासासाठी अर्ध्यावर थांबा घेतला, आणि उरलेली अर्धी ओळ पुरुषाच्या आवाजात आली. घोगरा, कापरा आवाज, पण सुरात. ज्या माणसाला पाणी म्हणता येत नव्हतं तो ‘तारणारा’ म्हणाला. पूर्ण, अक्षर न् अक्षर स्पष्ट. बायकांचे आवाज अडखळले. ती मात्र थांबली नाही, हात वर करून तिनं सगळ्यांना गात ठेवलं आणि प्रत्येक ओळ अर्ध्यावर सोडून यांच्याकडे पाहत राहिली. यांनी एकूणएक कडवी पुरी केली.

भजन संपलं तशी मी यांच्यापुढे बसले. “पाणी पाह्यजे का?” मी विचारलं.

“तसं,” हे म्हणाले.

बायका रडत होत्या, प्रभूची स्तुती करत होत्या. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते. गुडघे मी टेकले आणि आवाज तिच्यासाठी निघाला, हे आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः प्रयत्न केला. माझ्या माहेरी, जानेफळला, मला गाताना ऐकून आई म्हणायची की देवाला हिचं बोललेलंच पुरेल. मंडळीत मी गाऊ लागले की पुढची लेकरं वळून पाहतात. यांनी माझं सगळं भजन शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, “तसं.” मोबाईलवर गाणी लावली, तर बोटांनी ताल धरला, ओठ हलवले नाहीत. पाळकसाहेबांना बोलावलं, पण त्यांचा सूर माझ्याच जातीचा. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की असं होतं, बोलणं अडतं पण गाणं शाबूत राहतं. कोणी समोर बसून नेमानं गायलं, तर त्या वाटेनं काही शब्द परत येऊ शकतात. खात्री नाही, पण वेळ फार घालवू नका.

मी आठवडाभर घालवला. देवाला रोज विचारलं, दुसरं कोणी नाही का? उत्तर काही आलं नाही, आणि तेच उत्तर आहे हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं.

तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात तूर निवडत होती. तिचा नवरा बाजूला बसून बोलत होता. सरकीबद्दल, एसटीबद्दल, जावयाबद्दल, मी काही विचारलेलं नसताना. मी त्याच्या तोंडाकडेच पाहत होते. इतके शब्द, आणि माणूस ते असे सांडत होता.

“यांच्यासंग गायाले येशील का?” मी तिला सरळच म्हटलं. “आठवड्यातून दोनदा. माह्याच्यानं होत नाही.”

तिनं सूप खाली ठेवलं. “मले वाटलं, तुम्ही आता मले दारात उभं करत नाही. त्या दिशी तुमचं तोंड पाह्यलं म्या.”

“पाह्यलं तर पाह्यलं. येशील का?”

“येईन. पण रविवारी साक्ष देईन, आधीच सांगते. प्रभूनं केलेलं मी झाकून ठेवत नाही.”

“ही कायले झाकते,” तिचा नवरा म्हणाला. “हिले उत्तर द्याले कोणी पाह्यजे, म्हणून तर देवानं मले उठवलं.”

मी म्हटलं, “दे साक्ष.”

तिनं दिली. पाळकसाहेब नव्हते इथपासून सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीनं, स्वतःला मध्ये ठेवून. मंडळीनं आमेन म्हटलं. मीही म्हटलं, आणि तोंडातल्या तोंडात नाही.

ती येते. पाऊस असो, लग्नसराई असो, चुकवत नाही, हे मला कबूल करावं लागतं. भजनाच्या चालीवर तिनं यांना ‘पाणी दे’ शिकवलं, मग ‘भूक लागली’, मग ‘दुखते’. आता दळणाला आलेल्या बायकांना आतून गाऊन मागितलेलं पाणी ऐकू येतं. त्या हसतात. मी पाणी देते. अर्थ लावावा लागत नाही, म्हणून यांचं भिंतीकडे वळणंही कमी झालं. विश्वासाबद्दल मला मोठं काही सांगता येणार नाही. मी मागितलं होतं ते देवानं दुसरीच्या घरी ठेवलं, आणि जाऊन आणायला लावलं, एवढं मला ठाऊक आहे. त्यानं असं का करावं, हे मी त्याला अजून विचारते.

मागच्या महिन्यात एका दुपारी ती दारात आली. मी गिरणी बंद करून हात धूत होते. यांनी खिडकीतून तिला पाहिलं, काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, “या.”

चाल नव्हती, सूर नव्हता. साधं बोललेलं, जसं कोणीही दारात आलेल्याला म्हणतं. ‘तसं’ सोडलं तर लकव्यानंतरचा यांचा पहिला बोललेला शब्द, आणि तो तिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती उंबऱ्यातच थांबली.

“उभी काऊन?” मी म्हटलं. “ते या म्हणून राह्यले ना.”

मी आत जाऊन चहा ठेवला. चुलीपाशी उभी राहून देवाचे आभार मानले, आणि तो शब्द मला मिळायला हवा होता हेही त्याला सांगितलं. दोन्ही खरं होतं, तेव्हा दोन्ही सांगितलं. बाहेर तिनं भजन सुरू केलं, आणि मी साखरेचा डबा उघडला.